ऊसवाला भिंतीला का धडकत होता

एक

पाणी पाजायला म्हणून पद्मजानं मुलीच्या डोक्यावरचं हेल्मेट वर उचललं, आणि आतून दुसऱ्याच कुणाची तरी पोरगी तिच्याकडं बघायला लागली.

घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, डोळ्यांत भीती. वय इरावतीएवढंच, दहा-अकरा. उंचीही तेवढीच. अंगावर तोच काळा झगा, हातांत तसेच जाड हातमोजे. पण ही इरावती नव्हती. पद्मजा त्या मुलीचा हात सोडून एक पाऊल मागं सरकली, आणि लगेच पुढं होऊन तिनं तोच हात पुन्हा घट्ट धरला. आपली मुलगी कुठं गेली हे सांगणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं.

महामार्गालगतच्या प्रदर्शन केंद्रात व्हिडिओ गेमवाल्यांचा मोठा मेळावा भरला होता. सांगली, सातारा, बेळगावपासून पोरं आली होती. कुणी फोमच्या तलवारी घेऊन, कुणी निळे केस रंगवून. प्रत्येक मंडपात भिंतीएवढे पडदे आणि कानठळ्या बसवणारे आवाज. पद्मजा राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची, आणि गेम या प्रकाराचा तिला मनापासून तिटकारा होता. तरी ती आली होती, कारण वर्षभरात इरानं मागितलेली ही एकच गोष्ट होती. ‘आई, मला तिथं नेशील?’ एवढंच इरा म्हणाली होती, आणि पद्मजानं इतक्या चटकन हो म्हटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं होतं.

‘ओरूना’ नावाच्या गेममधला ‘किपर’ व्हायचं इरानं ठरवलं. तांब्याच्या रंगाचं हेल्मेट, काळा झगा, खांद्यावर पिवळी ज्योत. पद्मजानं दोन रविवार मोडून झगा स्वतः शिवला. गेममधला किपर मुका असतो, म्हणून आज दिवसभर मी एक शब्द बोलणार नाही, असं इरानं सकाळीच जाहीर केलं. पद्मजा हसली होती.

सोबत पद्मजाचे वडील होते. निवृत्त गणित शिक्षक; लेक, नात, शेजारी, सगळेच त्यांना दादा म्हणत. मध्ये एकदा झग्याचा हूक निघाला म्हणून दादा इराला कपडे बदलायच्या तंबूकडं घेऊन गेले आणि थोड्या वेळानं परत आले. त्यानंतर पद्मजानं मुलीचा हात सोडला नव्हता. स्टेजवरचे दोन कार्यक्रम झाले, फोटोची रांग झाली. पद्मजानं तिला गर्दीतून सांभाळून नेलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढा सगळा वेळ ती परक्याच्या लेकीला माया लावत होती.

दोन

बंदोबस्तावर सहायक निरीक्षक मधुवंती चौगुले होत्या. पन्नाशीला आलेल्या, आवाजानं दणकट, पण समोरचा बोलायला लागला की मध्ये न तोडणाऱ्या. त्यांनी आधी फाटकं बंद करून घेतली आणि मग सगळ्यांना कार्यालयाच्या खोलीत आणून बसवलं.

मेळाव्यात प्रत्येक मुलाच्या मनगटावर पट्टी होती, आणि तोच आकडा पालकाच्या पट्टीवर. पट्ट्या जुळल्याशिवाय मूल बाहेर सोडत नव्हते. इराची पट्टी कुठल्याच फाटकावर तपासली गेली नव्हती. म्हणजे एकतर ती आत होती, किंवा पाहुण्यांचं फाटक सोडून दुसऱ्याच वाटेनं बाहेर गेली होती.

परक्या मुलीच्या मनगटावर पट्टीच नव्हती. तिनं फक्त नाव सांगितलं, सबिना. वडील कोण, कुणाबरोबर आलीस, इरा कुठं आहे, या सगळ्यावर ती मान खाली घालून गप्प. शिपाई बाईनं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. बिस्किटं घेतली नाहीत. दादांनी पिशवीतली बाटली पुढं केली तेव्हा मात्र गटागट प्यायली.

पद्मजा एका जागी बसू शकत नव्हती. दर दोन मिनिटांनी ती मधुवंतींना विचारत होती, काही कळलं का, कॅमेऱ्यात दिसली का. मग तिनं मनात दाबून ठेवलेलं नाव बाहेर काढलं. उन्मेष. इराचे वडील.

तिनं तुटक तुटक सांगितलं. उन्मेष शिरोळचा. घरचा ऊस, पण याला शेतीत रस नव्हता; राजारामपुरीत एका मित्राबरोबर गेमिंग पार्लर चालवायचा. इराला चालायच्या आधी गेम खेळायला शिकवलं असेल त्यानं. पुढं दारू वाढली. तीन वर्षांपूर्वी पिऊन गाडीवर इराला शिरोळला घेऊन निघाला आणि वळणावर घसरला. त्याला खरचटलं, इराच्या कोपरात अजून स्टीलची पट्टी आहे. घटस्फोट झाला. कोर्टानं महिन्यातून एकदा भेट ठेवली होती, तिथंही एकदा तो वास मारत आला. त्यानंतर पद्मजानं त्याचा, त्याच्या घरच्यांचा, मित्रांचा, सगळ्यांचा नंबर आपल्या फोनवर बंद करून टाकला.

मधुवंतींनी उन्मेषचा फोन लावला. बंद. तो भाड्यानं राहायचा त्या घराच्या मालकानं सांगितलं, की उन्मेष महिन्याभरापूर्वी एक पिशवी घेऊन बाहेर पडला तो परत आलेलाच नाही. कुठं गेला ठाऊक नाही.

पद्मजा खुर्चीत बसली. “त्यानंच नेलंय,” ती म्हणाली.

तीन

मधुवंतींना मात्र सबिनाच्या खांद्याकडं बघून काहीतरी खटकत होतं. खोलीच्या दारावर ओरूनाचं मोठं पोस्टर होतं. त्यातल्या किपरच्या डाव्या खांद्यावर पिवळी ज्योत होती. सबिनाच्या झग्यावर ती उजवीकडं होती.

त्यांनी पद्मजाला विचारलं. पद्मजा म्हणाली, ती माझीच चूक. मोबाइलवरचा फोटो उलटा होता, तो बघून ज्योत लावली. इरा म्हणाली, असू दे.

“म्हणजे हा तुमच्या पोरीचाच झगा?”

पद्मजानं झग्याची कड उलटून पाहिली. तिनं इराच्या झग्याला आतून जुन्या जांभळ्या साडीचं अस्तर लावलं होतं. याला अस्तरच नव्हतं. कापड साधं, शिलाई मशीनची आणि पक्क्या हाताची. हा झगा तिनं शिवलेला नव्हता.

मधुवंती बराच वेळ तो झगा चाचपत राहिल्या. पोस्टर बघून शिवणाऱ्यानं ज्योत डावीकडं लावली असती. ज्यानं हा शिवून घेतला, त्यानं पोस्टर पाहिलं नव्हतं. पद्मजानं केलेला झगा पाहिला होता. तोही आज नव्हे, चार दिवस आधी तरी, शिंप्यासमोर धरून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी कोण कोण येतं, एवढंच त्यांनी पद्मजाला विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली. आम्ही तिघंच.

तेवढ्यात शिपाई एका तरुणाला घेऊन आला. त्यानं एका किपरला मागच्या फाटकाकडं जाताना पाहिलं होतं.

चार

तरुणाचं नाव शार्दूल. ओरूनामधल्या दुष्ट राजाच्या वेशात तो दिवसभर मुलांबरोबर फोटो काढून घेत होता. तोंड काळ्या रंगानं माखलेलं, डोक्यावर फोमची शिंगं. पद्मजानं त्याला पाहिलं आणि तिला आठवलं, की फोटोच्या रांगेत हाच मुलांना हात धरून पुढं ओढत होता. तिनं तसं सांगितलंही. शार्दूल घाबरला. आपल्यालाच धरणार असं त्याला वाटलं असावं, कारण बोलायच्या आधी त्यानं शिंगं काढून मांडीवर ठेवली.

तो म्हणाला, कपडे बदलायच्या तंबूत एक किपर गेला होता आणि नंतर दोन बाहेर आले. त्याला वाटलं, मुलं आहेत, एकासारखे एक कपडे घालतात. एक जण पुढच्या बाजूला गेला. दुसरा मागच्या बाजूनं, एका माणसाबरोबर. त्या माणसाच्या गळ्यात कर्मचाऱ्याचं ओळखपत्र होतं, म्हणून संशय आला नाही. ओढत नेत होता का? नाही. उलट पोरगीच पुढं पळत होती आणि तो मागून.

मागचं फाटक कर्मचाऱ्यांचं. तिथं पट्ट्या तपासत नव्हते.

आयोजकांनी कर्मचाऱ्यांचे फोटो दाखवले. शार्दूलनं एकावर बोट ठेवलं. बिघडलेली यंत्रं जागच्या जागी दुरुस्त करायला बोलावलेला कारागीर, काशिफ बागवान. मेळावा चालू असताना तो न सांगता निघून गेला होता.

पद्मजानं फोटो ओळखला. उन्मेषबरोबर पार्लर चालवणारा मित्र तो हाच. त्याला मुलगी आहे हे तिनं ऐकलं होतं, पण ती तेव्हा आजऱ्याला आजोळी असायची.

मधुवंतींनी सबिनाकडं पाहिलं. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अब्बांना पकडू नका,” ती म्हणाली. “अब्बांनी काय बी केलं न्हाय.”

काशिफचा फोन वाजत होता. उचलत कुणी नव्हतं.

पाच

मधुवंतींनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सबिनाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. इरा कुठं हाय ते विचारत न्हाय, त्या म्हणाल्या. तुमची मैत्री कशी झाली तेवढं सांग.

सबिना हळूहळू बोलायला लागली. ओरूना दोघांनी मिळून खेळायचा गेम. प्रत्येकाला एक जोडीदार लागतो. इरा रोज संध्याकाळी तासभर खेळायची. आईनं तेवढी परवानगी दिली होती. कुणाबरोबर खेळतेस हे आईनं कधी विचारलं नव्हतं. इराच्या जोडीदाराचं गेममधलं नाव होतं ऊसवाला. सबिनाही कधीकधी त्यांच्या खेळात बघायला म्हणून जायची. ऊसवाला लई भारी खेळायचा. कुठूनही उडी मारायचा, इरा पडली की परत येऊन उचलायचा.

“आणि आता?”

“आता त्याला काय बी येत न्हाय. भिंतीला धडकतो. पाण्यात पडतो. इरा थांबून थांबून त्याला घेऊन जाती.”

कधीपासून, तर महिनाभर झाला असेल. इरा काय म्हणाली? सबिनानं ओठ मिटले. इरानं शपथ घातली होती.

मधुवंती उठल्या. ऊसवाला म्हणजे शिरोळचा उन्मेष, हे उघड होतं. बाप लेकीला गेममध्ये भेटत होता. पण महिन्याभरापूर्वी उन्मेष घरातून निघून गेला, आणि त्याच सुमाराला ऊसवाला खेळायचं विसरला. जन्मभर खेळलेला माणूस अचानक भिंतीला धडकत नाही. त्याच्या नावानं दुसरंच कुणीतरी खेळत होतं. रोज संध्याकाळी, तासभर, एका लहान मुलीबरोबर, तिचा बाप बनून.

त्यांनी हे पद्मजाला सांगितलं. इतका वेळ तिला उन्मेषची भीती वाटत होती. आता ती मनातल्या मनात म्हणत होती, की तो उन्मेषच असू दे.

सहा

कार्यालयात गर्दी व्हायला लागली तशी मधुवंतींनी सगळ्यांना शेजारच्या ओरूनाच्या मंडपात नेलं. तो रिकामा करून घेतला होता. पद्मजा दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. दादा एका कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी शिपायाला पुन्हा एकदा किती वाजले ते विचारलं.

मधुवंतींनी त्यांना इराच्या खेळाबद्दल विचारलं. मला यातलं काही कळत नाही, दादा म्हणाले. घरी टीव्हीसुद्धा पद्मजाच लावून देते.

भिंतीला धडकणं म्हणजे नेमकं काय, ते बघावं म्हणून मधुवंतींनी पडद्यासमोरचा कंट्रोलर हातात घेतला. छोटा किपर हातात दिवा घेऊन धुक्यातून चालायला लागला आणि एका दरीपाशी अडकला. समोर उचललेला पूल. त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. किपर नुसता कठड्याला धडका देत होता.

“आधी दिवा खाली ठेवायचा,” दादा म्हणाले. “मग पूल उतरतो.”

मधुवंतींनी दिवा खाली ठेवला. पूल उतरला.

त्यांनी कंट्रोलर बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून दादांच्या समोर बसल्या. दादांनी त्यांच्याकडं पाहिलं. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

सात

मधुवंतींनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकेक गोष्ट समोर ठेवली. दुसरा झगा घरातल्या झग्यावरून, त्यातल्या चुकीसकट शिवलेला आहे. घरात तीन माणसं. पद्मजानं तो शिवला नाही आणि इरा शिंप्याकडं एकटी जात नाही. सबिना कुणाच्याच हातचं पाणी पीत नव्हती, तुमच्या हातचं प्याली. ती तुम्हाला आधीपासून ओळखते. तंबूपाशी तुम्हीच उभे होता. पद्मजाताई सारखं विचारत होत्या, पोरगी सापडली का. तुम्ही एकदाही विचारलं नाही. तुम्ही फक्त किती वाजले ते विचारत होता. आणि ज्याला यातलं काही कळत नाही, त्याला हा पूल कसा उतरतो हे ठाऊक आहे.

“महिनाभर ऊसवाला तुम्ही होता, दादा. पोरगी कुठं हाय?”

पद्मजा दारातून वळली होती. बापाकडं बघत होती.

दादा म्हणाले, “राजारामपुरीत. दवाखान्यात. उन्मेषजवळ.”

मग ते बोलत राहिले, कुणाकडंही न बघता. महिन्याभरापूर्वी ते रक्त तपासायला दवाखान्यात गेले होते. तिथं काशिफ एका माणसाला चाकाच्या खुर्चीतून नेत होता. उन्मेषला त्यांनी ओळखलंच नाही, इतका तो पिवळा आणि वाळलेला होता. यकृत संपलं होतं. दारू सोडून वर्ष झालं होतं, पण उशीर झाला होता. दादा संध्याकाळी फिरायला जातो म्हणून रोज तिथं जाऊन बसायला लागले. उन्मेषनं एकच मागितलं, की इराला कळू देऊ नका. संध्याकाळ झाली की तो खेळायला बघायचा, पण त्याची बोटं थरथरायची, कंट्रोलर हातातून गळायचा. तेव्हा दादांनी तो हातात घेतला. उन्मेष पडल्या पडल्या सांगायचा, ‘डावीकडं घ्या. आता उडी. आता थांबा, तिला पुढं जाऊ द्या.’ दादा तसं दाबायचे. त्यांच्याच्यानं जमायचं नाही. भिंतीला धडकायचे. उन्मेष हसायचा.

इराला दोन दिवसांत कळलं होतं की हे पप्पांचे हात नाहीत. कोण आहे हे कळायला आठवडा लागला. एका रात्री जेवताना ती दादांच्या कानाशी येऊन म्हणाली, ‘दादा, पप्पांना काय झालंय?’

दादांना खोटं बोलता आलं नाही. मेळावा, दुसरा झगा, मुका किपर, सगळं इरानं ठरवलं. दादांनी फॉल-पिको करणाऱ्या शालूबाईकडून झगा शिवून घेतला, आणि काशिफनं आपली मुलगी दिली. तासाभरात जाऊन परत यायचं होतं.

“मग हेल्मेट काढल्यावर का नाही सांगितलंत?” पद्मजानं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता, की मधुवंतींनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. “मी इथं मरत होते, दादा. तुम्ही समोर बसला होता.”

“डॉक्टर म्हणाले, आज-उद्याचं आहे. तुला सांगितलं असतं तर तू तिला उठवून आणलं असतंस. काशिफ फोन उचलत नव्हता, म्हणजे ती अजून तिथंच होती. तुझ्याकडं बघवत नव्हतं. पण म्हटलं, तिला अजून थोडा वेळ मिळू दे.”

आठ

पोलिसांच्या गाडीत पद्मजा आणि दादा मागं शेजारी बसले. मधुवंती पुढं. तावडे हॉटेलच्या चौकात गाडी अडकली तेव्हा पद्मजा म्हणाली, “महिनाभर. मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

“सांगितलं होतं,” दादा म्हणाले. “तू भाजी चिरत होतीस. मी म्हटलं, उन्मेष आजारी आहे म्हणे. तू म्हणालीस, मेला तरी मला सांगू नका.”

पद्मजाला ते आठवलं. त्या संध्याकाळी क्लासमध्ये कुणाशी तरी वाजलं होतं, आणि तिनं वर न बघता तसं म्हटलं होतं. दादांनी पुन्हा तो विषय काढला नव्हता. ती उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खोलीबाहेर काशिफ उभा होता. पद्मजाला पाहून तो दोन्ही हात जोडून पुढं आला.

“वैनी, मी दोनदा उठवलं तिला. ती म्हणती, पप्पा परत डोळं उघडतील. फोन वाजत हुता, पण काय सांगू तुमाला?”

दार अर्धं उघडं होतं. उन्मेषच्या नाकातली नळी काढलेली होती. पलंगाच्या कडेला काळ्या झग्यात इरा बसली होती, हेल्मेट खाली फरशीवर, आणि तिनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. डॉक्टर येऊन गेले होते. नर्स भिंतीपाशी थांबली होती. पोरीला उठ म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

इरानं आईकडं पाहिलं. सकाळनंतर ती आईशी पहिल्यांदा बोलली.

“ओरडणार असशील तर बाहेर जाऊन ओरड.”

पद्मजा ओरडली नाही. ती जवळ गेली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. या माणसावर तीन वर्षं तिनं जो राग जपून ठेवला होता, तो ठेवायला आता जागा दिसत नव्हती. एवढासा झाला होता तो.

“काही बोलले का?” तिनं विचारलं.

“मी आले तेव्हा डोळे उघडले. ‘आलीस व्हय,’ म्हणाले. मग झोपले.” इरा थांबली. “मी पूर्ण वेळ इथंच होते.”

मधुवंती दारातूनच मागं फिरल्या. तक्रार द्यायची आहे का, असं त्यांनी जाता जाता पद्मजाला विचारलं. पद्मजानं मान हलवून नाही म्हटलं. जिन्यात काशिफ मेळाव्यातल्या शिपाई बाईच्या फोनवर सबिनाशी बोलत होता. तिला घ्यायला येतो म्हणून सांगत होता, आणि सांगता सांगता त्याला हुंदका आवरेना.

नऊ

संध्याकाळी उन्मेषचा थोरला भाऊ बाळासो शिरोळहून टेम्पो घेऊन आला. तो पद्मजाशी बोलला नाही. सगळं आवरल्यावर दादांच्या जवळ जाऊन हळू म्हणाला, “पोरीला अग्नी द्यायला न्यायचं का? त्येला दुसरं कोण न्हाय.”

दादांनी पद्मजाकडं पाहिलं.

“मी घेऊन येते तिला,” पद्मजा म्हणाली.

मेळाव्याहून आणवलेली स्वतःची गाडी तिनं टेम्पोच्या मागून चालवत नेली. इरा मागच्या सीटवर, दादा शेजारी. शिरोळात उसाच्या कडेनं घराकडं वळताना इरानं विचारलं, की दादांवर तू रागावली आहेस का. पद्मजानं खरं तेच सांगितलं. हो, रागावले आहे. खूप दिवस रागावलेली राहीन बहुतेक. मग थोड्या वेळानं ती म्हणाली, “पण त्यांनी तुला नेलं ते बरं केलं.” दादांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

अंगणात माणसं जमली होती. पद्मजाला पाहून बायकांचं कुजबुजणं थांबलं. इराला काकांनी पुढं नेलं, नदीकडं जायच्या तयारीला. पद्मजा दाराशी चपला काढून उभी राहिली. आत जावं की इथूनच परतावं, ते तिला कळेना. या घरातल्या सगळ्यांचे फोन तिनं बंद केले होते. ते महिनाभर तिला लावत राहिले असतील.

उन्मेषची आई झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचं रडून झालं होतं. तिनं पद्मजाकडं बराच वेळ पाहिलं, आणि बसल्या जागीच जरा सरकली.

“बस,” ती म्हणाली. “उभी किती राहशील.”